आयसीयूतल्या क्लेबसिएलाचं जिनोम सिक्वेन्सिंग करावं का? आधी आयसोलेट वाचवा, मग पुढचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. १४० बेडचं हॉस्पिटल, १२ बेडचं आयसीयू, पाच आठवड्यांत सात पेशंटमध्ये क्लेबसिएला न्यूमोनिए हा जंतू, सातही मेरोपेनेम या राखीव अँटिबायोटिकला रेझिस्टंट, रिपोर्टवर कोलिस्टिन आणि टायगेसायक्लिन सोडलं तर सगळीकडे 'आर', म्हणजे रेझिस्टंट. तिसरा पेशंट दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलमधून व्हेंटिलेटरवरच शिफ्ट होऊन आलेला. मॅनेजमेंट म्हणतंय पैसे देतो, जिनोम सिक्वेन्सिंग करा, म्हणजे जंतूचा अख्खा डीएनए वाचा, आणि नक्की कोणाकडून पसरलं ते सांगा. आणि तुम्ही विचारताय की सातही आयसोलेट, म्हणजे पेशंटच्या नमुन्यातून वेगळे काढून वाढवलेले जंतू, बाहेर पाठवून काही हाती लागेल का, की पैसे वाया जातील.

उत्तर देण्याआधी एक काम सांगते, ते आजच करा. सातही आयसोलेट तुमच्याकडे जिवंत आहेत का बघा. बऱ्याच लॅबमध्ये रिपोर्ट गेला की प्लेट चार-पाच दिवसांत ऑटोक्लेव्हला जाते, आणि महिन्याने कोणाला तरी सुचतं की सिक्वेन्सिंग करूया, तेव्हा सातातले दोनच उरलेले असतात. मी २३ वर्षं मायक्रोबायोलॉजीत आहे, त्यातली शेवटची दहाएक वर्षं सिक्वेन्सिंग आणि इन्फेक्शन कंट्रोल दोन्ही बघते, आणि आउटब्रेकचं उत्तर न मिळण्याचं सगळ्यात जास्त वेळा पाहिलेलं कारण हेच, आयसोलेटच जपलेले नव्हते. डीप फ्रीझर असेल तर ग्लिसरॉल स्टॉक करा. नसेल तर न्यूट्रिएंट अगारच्या छोट्या बाटल्यांत सुईने स्टॅब करून, बूच घट्ट लावून, अंधारात ठेवा, क्लेबसिएला त्यात महिनोन्महिने टिकतो. फक्त प्लेटवरून प्लेटवर सारखं सब-कल्चर करत बसू नका, अँटिबायोटिक नसलेल्या मीडियावर वारंवार उचललं की कधीकधी रेझिस्टन्सचा प्लाझ्मिडच (जंतूतलं डीएनएचं छोटं सुटं वर्तुळ) गळून जातो, मग सिक्वेन्सिंगमध्ये जीनच सापडत नाही आणि सगळे गोंधळतात.

आता मूळ प्रश्न. तुमच्या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. आज बेडवर जो पेशंट आहे त्याला कोणतं औषध द्यायचं. हे सात जण एकाच साखळीतले आहेत की योगायोगाने एकत्र आले. आणि साखळी असेल तर ती कुठे तोडायची. सिक्वेन्सिंग दुसऱ्या प्रश्नाचं फार चांगलं उत्तर देतं, तिसऱ्याला मदत करतं, पहिल्याला जवळजवळ काहीच नाही. मॅनेजमेंटला हे पहिल्याच मीटिंगमध्ये सांगा, नाहीतर रिपोर्ट आल्यावर अपेक्षाभंग होतो आणि पुढच्या वेळी कोणी पैसे देत नाही.

पहिल्या प्रश्नाचं आधी उरकून घेऊ. कल्चर, मग शुद्ध कॉलनी, मग डीएनए काढणं, लायब्ररी, मशीनवरची रन, मग कॉम्प्युटरवरचं विश्लेषण, घरचीच लॅब असली तरी आठवडा जातो आणि कुरिअरने बाहेर पाठवलं तर कित्येक आठवडे. सेप्सिसचा पेशंट तेवढा थांबत नाही. त्याच्यासाठी कार्बापेनेमेज, म्हणजे मेरोपेनेमच्या जातीची औषधं तोडणारं एन्झाइम, ओळखणारी पट्टी आहे, कॉलनीवरून १५ मिनिटांत सांगते की एनडीएम आहे, ऑक्सा-४८ जातीचा आहे की केपीसी. किंवा टीबीसाठी जे जीनएक्स्पर्ट मशीन आहे त्याच्यावरच कार्बा-आर कार्ट्रिज चालतं, तासाभरात उत्तर. हा फरक कळणं जीवनमरणाचं आहे, कारण सेफ्टाझिडाइम-अविबॅक्टम ऑक्सा-४८ आणि केपीसीवर चालतं पण एनडीएमवर चालत नाही, एनडीएम असेल तर त्याच्या जोडीला अझ्ट्रिओनाम द्यावं लागतं, कारण अझ्ट्रिओनामला एनडीएम तोडू शकत नाही आणि बाकीची एन्झाइम्स जी त्याला तोडतात त्यांना अविबॅक्टम अडवतं. आपल्याकडे एकाच क्लेबसिएलात एनडीएम आणि ऑक्सा दोन्ही सापडणं अजिबात दुर्मिळ नाही, त्यामुळे पट्टीवर दोन रेघा आल्या तर पट्टी खराब आहे असं समजू नका.

आणि त्या कोलिस्टिनबद्दल. ऑटोमेटेड मशीनने कोलिस्टिन 'एस', म्हणजे ससेप्टिबल, दाखवलं म्हणून निश्चिंत होऊ नका. कोलिस्टिनसाठी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन ही प्रमाण पद्धत धरतात, आणि लॅबचे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या संस्थेने २०२० पासून कोलिस्टिनला 'ससेप्टिबल' हा गटच ठेवलेला नाही, फक्त इंटरमीडिएट आणि रेझिस्टंट. टायगेसायक्लिन रक्तातल्या इन्फेक्शनला एकट्याने देणं मला कधीच पटलेलं नाही, रक्तात त्याची पातळीच कमी राहते. तुमचे इंटेन्सिव्हिस्ट हे जाणत असतीलच, पण रिपोर्टवर 'एस' छापलं की रात्रीचा रेसिडेंट तेच वाचतो.

आता दुसरा प्रश्न, जिथे सिक्वेन्सिंगचा खरा उपयोग आहे.

तुम्ही लिहिलंय की सातही अँटिबायोग्राम, म्हणजे कोणतं औषध चालतं याचे तक्ते, अगदी सारखे आहेत म्हणजे स्ट्रेन एकच असणार. हा निष्कर्ष काढू नका. आपल्या आयसीयूंमध्ये जवळपास सगळेच कार्बापेनेम-रेझिस्टंट क्लेबसिएला सगळ्यालाच 'आर' असतात, त्यामुळे दोन अगदी परके स्ट्रेनसुद्धा कागदावर जुळे दिसतात. उलटही होतं, एकाच स्ट्रेनने वाटेत एखादा प्लाझ्मिड टाकला किंवा एमजीआरबी जीनमध्ये बदल होऊन कोलिस्टिनला रेझिस्टंट झाला की अँटिबायोग्राम बदलतो आणि आपल्याला वाटतं हा नवीन आहे.

सिक्वेन्सिंग काय करतं, तर क्लेबसिएलाचा साधारण ५५ लाख अक्षरांचा जिनोम वाचून दोन आयसोलेटमध्ये किती अक्षरांचा फरक आहे ते मोजतं. पूर्वी पोथ्या हाताने उतरवून काढायचे, दर नकलेत एखाददुसरी चूक व्हायची आणि पुढची नकल त्या चुकीसकट व्हायची. दोन पोथ्यांत तीच विचित्र चूक दिसली की कळायचं या एकाच प्रतीवरून उतरवल्यात. इथे तसंच. बॅक्टेरिया वाढताना त्याच्या जिनोममध्ये वर्षाला मोजकीच अक्षरं बदलतात, म्हणून दोन पेशंटच्या आयसोलेटमध्ये शून्य ते चार-पाच अक्षरांचा फरक असेल तर ते अगदी जवळचे, हजारोंचा असेल तर त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

मधल्या आकड्यांचं मात्र परिस्थितीवर आहे. २०१९ मध्ये युरोपातल्या ३२ देशांमधल्या २४४ हॉस्पिटलांच्या क्लेबसिएलावर एक मोठं काम प्रसिद्ध झालं, त्यात एकाच हॉस्पिटलमधला प्रसार ओळखण्यासाठी २१ फरकांची रेघ सुचवली होती. चांगली रेघ आहे, पण तिला कोर्टाचा निकाल समजू नका. आपल्याकडे एसटी-२३१ किंवा एसटी-१४७ सारखे काही क्लोन (एसटी म्हणजे जंतूच्या घराण्याचा नंबर) इतके पसरलेत की दोन वेगळ्या हॉस्पिटलांतले आयसोलेटही कधी बऱ्यापैकी जवळ येतात. शिवाय आकडा लॅबने कोणता रेफरन्स घेतला, प्लाझ्मिडचा भाग वगळला की नाही, रिकॉम्बिनेशन (जंतूंमधली डीएनएची अदलाबदल) काढून टाकलं की नाही यावर हलतो.

म्हणून मी प्रत्येकाला सांगते, फक्त सात पाठवू नका. त्याच तीन-चार महिन्यांतले, आयसीयूशी काही संबंध नसलेले, ओपीडीतले किंवा दुसऱ्या वॉर्डातले तीन-चार रेझिस्टंट क्लेबसिएला बरोबर पाठवा. तेही इतकेच जवळ निघाले तर तुमच्या सातांचं जवळ असणं फारसं काही सांगत नाही, ते लांब गेले तर साखळी पक्की. या तीन-चार आयसोलेटचे पैसे वाचवायला जाऊन कित्येक जणांचा अख्खा खर्च निरुपयोगी झालेला मी पाहिलाय.

आता तिसरं, साखळी कुठे तोडायची. इथे २०११ सालची अमेरिकेतली बेथेस्डाच्या एनआयएच क्लिनिकल सेंटरची, म्हणजे तिथल्या सरकारी संशोधन संस्थेच्या हॉस्पिटलची, गोष्ट सांगते, आमच्या क्षेत्रात ती सगळ्यांना तोंडपाठ आहे. जूनमध्ये एक पेशंट न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलमधून केपीसी क्लेबसिएला घेऊन आली, माहीत होतं म्हणून पहिल्यापासून आयसोलेशन, सगळी काळजी. १५ जुलैला डिस्चार्ज. ५ ऑगस्टला दुसऱ्याच पेशंटमध्ये केपीसी सापडला. मधे तीन आठवडे कोणीच पॉझिटिव्ह नाही, त्यामुळे हा बाहेरून नव्याने आला असेल असं वाटणं साहजिक होतं. जिनोम वाचल्यावर दिसलं की सगळे त्या पहिल्या पेशंटच्याच स्ट्रेनचे, आणि तिच्याकडून तो एकदा नाही, तीन वेगवेगळ्या वेळी बाहेर पडलेला. एकूण १८ पेशंटपर्यंत पोचला, ११ जण गेले, त्यातले ६ या इन्फेक्शनने. स्वच्छ केलेल्या एका व्हेंटिलेटरवर सापडला, सिंकच्या ड्रेनमध्ये सापडला.

त्या तीन आठवड्यांत तो होता कुठे? ज्यांना काहीच लक्षणं नव्हती अशा पेशंटच्या आतड्यात. म्हणून तुमचे सात हे सात नाहीत असं धरून चाला. आज आयसीयूत असलेल्या प्रत्येकाचा रेक्टल स्वॅब घ्या, मेरोपेनेम घातलेल्या मॅकॉन्की प्लेटवर किंवा क्रोमोजेनिक मीडियावर लावा. याला सिक्वेन्सिंग लागत नाही आणि याच्याइतकं हातात काही देणारी दुसरी गोष्ट नाही. आणि कल्चर ज्या क्रमाने पॉझिटिव्ह आले त्याच क्रमाने तो पसरला असं समजू नका, तिसऱ्याने पहिल्याला दिलेलं असू शकतं, कारण पहिल्याचं कल्चर फक्त आधी पाठवलं गेलं.

माझ्या स्वतःच्या कामातलं एक सांगते, हॉस्पिटलचं नाव राहू दे. सर्जिकल आयसीयूत नऊ आयसोलेट. तिथे आधीच ठरून गेलं होतं की बेडपॅन करणाऱ्या एका मावशींमुळे पसरतंय, त्या ग्लोव्हज बदलत नाहीत वगैरे, त्यांना कामावर येऊ नका सांगितलं होतं. आम्ही नऊही आयसोलेटचे जिनोम वाचले. पाच आयसोलेट एकमेकांपासून चार अक्षरांच्या आत, उरलेले चार एकमेकांपासूनही आणि या पाचांपासूनही हजारो अक्षरं लांब. म्हणजे आउटब्रेक नऊचा नव्हताच, पाचचा होता. पण त्या पाचांतले दोन पेशंट कधी एका वेळी वॉर्डात नव्हतेच, एक गेल्यावर अकरा दिवसांनी दुसरा आलेला. मग दुवा काय?

तो सिस्टरांच्या रजिस्टरमध्ये सापडला. बेड बदलल्याच्या नोंदी कॉम्प्युटरमध्ये नव्हत्या, पण एका सीनियर सिस्टरांनी सवयीने पेन्सिलीने मार्जिनमध्ये लिहिल्या होत्या, '३ वरून ४', 'रात्री ४ ला घेतलं' अशा. त्या जुळवल्या तर पाचही जण कधी ना कधी तीन किंवा चार नंबरच्या बेडवर होते, आणि त्या दोन बेडच्या मधे भिंतीला हात धुवायचं बेसिन. राइल्स ट्यूबचं उरलेलं फीड आणि डेक्स्ट्रोजच्या अर्धवट बाटल्या त्याच बेसिनमध्ये ओतायचे, म्हणजे जंतूला रोजचा खुराक. नळ सोडला की पाणी सरळ जाळीवर आदळून तुषार बेडच्या कठड्यापर्यंत यायचे, मी स्वतः टिश्यू पेपर धरून पाहिलं, तो हातभर अंतरावर ओला झाला. जाळीखालच्या चिकट थराचा स्वॅब घेतला, त्यात तोच स्ट्रेन, दोन अक्षरांचा फरक. ट्रॅप बदलला, बेसिन फक्त हात धुवायला ठेवलं, नळाची धार ड्रेनवर पडणार नाही असं केलं, नवीन केसेस थांबल्या. मावशींना परत घेतलं पण त्यांचा दोन महिन्यांचा पगार गेला तो गेलाच, आणि मला ते आजही लागतं.

म्हणून तुमच्या मॅनेजमेंटच्या 'कोणाकडून पसरलं' या वाक्याची मला काळजी वाटते. जिनोम दोन आयसोलेटचं नातं सांगतो, कोणी कोणाला दिलं ही दिशा तो एकटा बहुतेक वेळा सांगू शकत नाही. दिशा कळते ती तारखा, बेड, प्रोसिजर, कोणत्या शिफ्टला कोण, हे सगळं शेजारी ठेवल्यावर, आणि तेव्हाही बरेचदा 'असं असण्याची शक्यता जास्त' इतकंच म्हणता येतं. स्टाफ कॅरियर सापडण्याचं प्रसिद्ध उदाहरण केंब्रिजचं आहे, नवजात बाळांच्या युनिटमध्ये एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस), १५४ कर्मचारी तपासले आणि एकाकडे तोच स्ट्रेन निघाला. पण एमआरएसए माणसाच्या नाकात मुक्काम करतो, तिथे कर्मचारी तपासण्यात अर्थ होता. क्लेबसिएलाच्या बाबतीत हात हे फक्त वाहन असतं, त्यामुळे सगळ्या सिस्टर आणि मामा-मावशींचे स्वॅब घ्यायला मी सुरुवातीला तरी सांगणार नाही. भीती बसते, लोक माहिती लपवतात, आणि पेन्सिलीच्या नोंदी बंद होतात.

भीतीवरून आठवलं, मॅनेजमेंटला रिपोर्टमध्ये 'एनडीएम' शब्द आला तर नाव खराब होईल असं वाटत असेल. २०१० मध्ये या नावावरून केवढा वाद झाला होता, स्वीडनमधल्या पेशंटमध्ये सापडलेल्या एन्झाइमला नवी दिल्लीचं नाव दिलं म्हणून. नावाबद्दलचा राग समजू शकते, पण एनडीएम आज जगभर आहे आणि तुमच्याकडे सापडला यात लपवण्यासारखं काही नाही. लपवलं तर मात्र तुमचा पेशंट पुढच्या हॉस्पिटलला गेल्यावर त्यांना कळणार नाही.

एक गुंतागुंतीची गोष्ट राहिली, प्लाझ्मिड. समजा सात आयसोलेट सात वेगळे निघाले, तर लगेच 'प्रसार नाही' असं लिहू नका. एनडीएमचा जीन प्लाझ्मिडवर असतो आणि प्लाझ्मिड एका स्ट्रेनमधून दुसऱ्यात, अगदी ई. कोलायमध्येही उडी मारतो. म्हणजे पसरणारा जंतू नाही, पसरणारा प्लाझ्मिड, आणि स्ट्रेनचे फरक मोजून काढलेल्या नात्यांच्या झाडात तो दिसतच नाही. इल्युमिना या नेहमीच्या सिक्वेन्सिंग मशीनचे तुकडे दीडशे अक्षरांचे, प्लाझ्मिडमध्ये एकसारखे भाग पुन्हापुन्हा येतात, त्यामुळे छोट्या तुकड्यांतून अख्खा प्लाझ्मिड जोडता येत नाही. त्याला नॅनोपोरसारखं लाँग रीड, म्हणजे लांबलचक तुकडे वाचणारं तंत्र, लागतं. सगळ्यांचं करायची गरज नाही. आधी सगळे इल्युमिनावर, आणि शंका आली तरच दोन-तीन निवडून लाँग रीड, मी असंच करते.

पाठवायचं ठरलं तर लॅबला हे आधी विचारा. प्रत्येक आयसोलेटचं कव्हरेज, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी किती वेळा वाचलं जाईल, किती मिळेल, मी ५० पटीच्या खाली घेत नाही. कच्चा डेटा म्हणजे फास्टक्यू फाइल्स देणार का. आणि आपापसातल्या फरकांचा तक्ता देणार का. नुसती रेझिस्टन्स जीन्सची यादी छापलेली पीडीएफ दिली तर तुमच्या प्रश्नाला तिचा उपयोग शून्य, आणि असे रिपोर्ट फार येतात. कच्चा डेटा हातात असेल तर पाथोजेनवॉच या वेबसाइटवर फुकट चढवून एसटी, कॅप्सूलचा प्रकार, जीन्स, झाड सगळं बघता येतं, बायोइन्फर्मेटिक्सवाला माणूस नसला तरी. प्रायव्हेट लॅबआधी जवळच्या मोठ्या मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजीत फोन करून बघा, आयसीएमआरचं एएमआर, म्हणजे औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर लक्ष ठेवणारं, नेटवर्क २०१३ पासून आहे आणि आउटब्रेकचे आयसोलेट म्हटलं की बरेच जण आनंदाने मदत करतात. पेशंटची नावं पाठवू नका, कोड आणि तारखा पुरे. पाठवण्याआधी प्रत्येकाची एकच कॉलनी उचलून शुद्ध करा, क्लेबसिएलाच्या त्या गुळगुळीत लाळेसारख्या कॉलनीखाली दुसरा जंतू सहज लपतो.

आणि रिपोर्टसाठी काहीही थांबवून ठेवू नका. रेक्टल स्वॅब, पॉझिटिव्ह पेशंट एका बाजूला आणि त्यांना वेगळी सिस्टर, प्रत्येक बेडला स्वतःचा स्टेथोस्कोप आणि बीपी कफ, बेसिनमध्ये काही ओतणं बंद, ड्रेनचे स्वॅब, हे उद्यापासून. बेडचा तक्ताही उद्याच बसून काढा, उभ्या ओळीत सात पेशंट, आडव्या ओळीत तारखा, प्रत्येक चौकोनात बेड नंबर. सिस्टर इनचार्जना बरोबर घेऊन बसा, त्यांना जे आठवतं ते कुठल्याच फाइलमध्ये नसतं.

माझ्या मते सातही आयसोलेट जिवंत असतील आणि बेडचा तक्ता बनत असेल तर सिक्वेन्सिंग जरूर करा. दोन-तीनच उरले असतील तर तेच पैसे स्वॅब आणि क्रोमोजेनिक मीडियावर घाला.

शेवटचं, तो तिसरा पेशंट. ज्या हॉस्पिटलमधून आला तिथल्या लॅबला सकाळी फोन करा, आरोपाच्या सुरात नको, मायक्रोबायोलॉजिस्टने मायक्रोबायोलॉजिस्टला करावा तसा. तिथे असताना त्याचं कल्चर झालं होतं का, क्लेबसिएला आला होता का, आणि आयसोलेट ठेवलाय का विचारा. ठेवला असेल तर तो तुमच्या यादीत आठवा म्हणून पाठवा. तो प्लेटवर असेल तर आजच्या आज स्टॅब करून ठेवायला सांगा, त्यांचाही ऑटोक्लेव्हचा दिवस कधी आहे आपल्याला माहीत नाही.